कॅलेंडुलाचं तेल आणि पिवळे अण्णा

आमच्या घोटीच्या शाळेच्या सभागृहात माझा एक फोटो लावलेला आहे. त्यात मी काळ्या झग्यात आहे, आई हिरव्या लुगड्यात आहे आणि अण्णा पिवळे आहेत.

अण्णांचे कपडे नव्हेत. अण्णा. (डावीकडून जरा जास्त.)

शाळेत नवीन आलेले शिक्षक आधी फोटोग्राफरला दोष देतात, मग काचेला, आणि मग हळूच विचारतात, "वडील तेव्हा आजारी होते का हो?" नव्हते. ठणठणीत होते. त्यांच्या मुलीने बी.एस्सी. केलं होतं, एवढंच.

ही गोष्ट नव्वद सालानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली. आमच्या घरात माझ्याआधी सगळ्यात जास्त शिकलेला माणूस म्हणजे सातपूरच्या आत्याचे यजमान. ते नववी नापास होते, आणि त्याचाही आम्हाला अभिमान होता, कारण नववीत नापास व्हायला नववीपर्यंत पोचावं लागतं. अण्णांना तर आमच्याच शाळेतून तिसरीत काढलेलं. घरचे बैल वळायला दुसरं कोणी नव्हतं. त्यामुळे मी आत्याकडे राहून नाशिकच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, आणि त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला तात्पुरती का होईना नोकरी लागली, तेव्हा अण्णांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. ज्यांच्याशी बांधावरून भांडण होतं त्यांनाही वाटले. त्यांना तर दोन-दोन.

पदवीचा कागद हातात आला तेव्हा हेडमास्तर स्वतः अण्णांच्या गिरणीत आले. शाळेतून शिकून पदवीधर झालेली मी पहिली मुलगी. माझा फोटो सभागृहात लावायचं ठरलं होतं. (सभागृह म्हणजे तीन वर्गांमधली लाकडी पार्टिशनं बाजूला सारली की जे होतं ते.) सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर त्याचं अनावरण. "आणि फोटो एकटीचा नको," हेडमास्तर म्हणाले, "आईवडिलांना घेऊन काढा. झगा घालून."

अण्णा त्या संध्याकाळी घरी आले ते वाकडी वाट करून, शाळेवरून. बंद खिडकीतून ती भिंत बघून आले होते. "जागा चांगली हाय," एवढंच म्हणाले. आणि मान खाजवली.

तिथेच सगळी अडचण होती.

अण्णा भाताच्या गिरणीत कामाला होते. घोटीत पाऊस भरपूर आणि भात त्याहून भरपूर, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास सुरू झालेली गिरणी होळीपर्यंत दम खात नसे. पोतं फोडायचं, भात मशीनच्या तोंडात सोडायचा आणि दिवसभर तुसाच्या धुळीत उभं राहायचं. ती धूळ अंगाला चिकटली की खाज सुटते. दरवर्षीच सुटायची. त्या वर्षी मात्र मानेपासून कोपरापर्यंत लालभडक पुरळ उठलं आणि जायचं नाव घेईना. अण्णा बोलताना खाजवत, जेवताना खाजवत, आणि देवापुढे हात जोडले तर ते जोडलेले हातच एकमेकांना खाजवून घेत.

उपाय सगळे करून झाले होते. कडुलिंबाच्या पाल्याची अंघोळ झाली, ताक चोळून झालं, चुलीतली राखही लावून झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, "मुख्य म्हणजे भातापासून लांब राहा." घोटीत राहणाऱ्या, गिरणीत काम करणाऱ्या आणि दोन वेळा भातच जेवणाऱ्या माणसाला! मलम दहा दिवसांत संपलं. भात काही संपला नाही.

"मी नाय बसायचो फोटोत," अण्णा म्हणाले. "तुमी मायलेकी बसा."

"आवं, फोटोत खाजवलेलं थोडंच दिसतं? फोटो हालतो व्हय?" आई म्हणाली.

"मान तर दिसती. कायमचं भिंतीवर राहायचंय. लोक म्हणतील, पोरगी शिकली आन बाप बसलाय पुरळ घेऊन."

मला तो फोटो अण्णांशिवाय नकोच होता. ज्या शाळेतून त्यांना आठव्या वर्षी बाहेर काढलं, तिच्या भिंतीवर त्यांना परत नेऊन लावायचं, हा माझा हट्ट होता. आणि माझ्याकडे उपाय होता. नुसता उपाय नव्हे, पदवी होती!

कॉलेजच्या बागेत कॅलेंडुलाचा एक वाफा होता. नारिंगी-पिवळ्या, चपट्या, देखण्या फुलांचा. त्याच्या पाकळ्या वाळवून तेलात मुरवल्या की ते तेल पुरळावर, कोरड्या त्वचेवर लावतात, असं आमच्या सरांनी सांगितलं होतं आणि मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. सरांकडून मूठभर बी मागून आणलं होतं आणि नवरात्रात घरी डालड्याच्या चार डब्यांत पेरलंही होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला फुलं आली. मी आईला अंगणात उभं करून तासच घेतला.

"हा झेंडू नव्हे," मी म्हटलं. "लोक चुकून झेंडू समजतात. हा झेंडूच्या लांबच्या नात्यातला."

"आत्याकडून का मावशीकडून?" आईने विचारलं.

मी तिला वनस्पतींचं वर्गीकरण समजावून सांगितलं. ती मधूनमधून मान हलवत होती आणि तांदूळ निवडत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे नात्यातलाच हाय." त्या वेळी मला वाटलं, बाईला कळलं. आता वाटतं, तिला जरा जास्तच कळलं.

फुलं मोजून अकरा होती. वाळवल्यावर पाकळ्या जेमतेम चिमूटभर दिसायला लागल्या. मी लोणच्याची काचेची बरणी घासूनपुसून आणली, तीत तिळाचं तेल ओतलं (थंडीत खोबरेल गोठतं, हा माझा शास्त्रीय विचार), पाकळ्या टाकल्या आणि आईला सूचना दिल्या. बरणी रोज उन्हात ठेवायची. रोज हलवायची. डब्यांतली फुलं जसजशी उमलतील तसतशी वाळवून आत टाकत जायची. "आणि बरणी अर्धी तरी पाकळ्यांनी भरली पाहिजे," मी जाता जाता दारातून ओरडले, "नाहीतर काही उपयोग नाही!"

माझ्या आयुष्यात मी पुढे अनेकांना शिकवलं, पण इतकं तंतोतंत कोणीही माझं ऐकलेलं नाही.

मी नाशिकला परतले. इकडे बरणीला देवघरातल्या समईइतका मान मिळू लागला. अण्णा कामाला जाताना ती हलवत, आल्यावर हलवत. गिरणीतले त्यांचे जोडीदार काशिनाथमामा, अण्णांसोबत वीस वर्षं पोती उचललेले, मुद्दाम बरणी बघायला येऊन गेले. मी फुलाचं शास्त्रीय नाव एका कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद अण्णा खिशात ठेवत आणि गिरणीत ज्याला वाचता येई त्याला वाचायला लावत. कोणालाच ते नीट वाचता येत नसे, त्यामुळे औषध भारी असणार याबद्दल सगळ्यांची खात्री पटली.

संक्रांतीला मी घरी आले तेव्हा अण्णांनी बरणी समोर आणून ठेवली. मी बघतच राहिले. तेल गर्द पिवळं झालं होतं, उन्हात धरलं की त्याला केशरी झाक मारायची, आणि अर्ध्याहून जास्त बरणी पाकळ्यांनी गच्च भरली होती. इतका सुरेख रंग सरांच्या नमुन्यालाही नव्हता.

आता इथे माझी लाज सांगते. शिकलेल्या माणसाला सावध करायला निसर्गाने, किंवा आमच्या आईच्या नशिबाने, त्या बरणीत कमी खुणा ठेवल्या नव्हत्या. तेलाला उदबत्तीचा वास येत होता. मी म्हटलं, "याला म्हणतात सुगंधी द्रव्यं." जुन्या धोतराच्या फडक्यातून तेल गाळलं तर वीतभर दोरा निघाला. मी तो चिमटीत उचलून अण्णांना दाखवला आणि सांगितलं, "हा वनस्पतीतला तंतू." तांदळाचे तीन-चार दाणे निघाले. त्यांचं मात्र मी काहीच स्पष्टीकरण दिलं नाही, कारण घोटीत तांदूळ कशातही निघतो. ते धोतर पिवळंधमक झालं, आणि मी ते गल्लीतल्या चार बायकांना नेऊन दाखवलं! रंग म्हणजे गुण, गुण म्हणजे रंग, असं काहीतरी मी त्यांना ऐकवलं.

आई तिळगुळाच्या कढईपुढे बसून होती. ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, अभिमानाने गप्प आहे.

"दिवसातून दोनदा, पुरळ आहे तिथेच, थोडंसं," असं अण्णांना सांगून मी नाशिकला गेले. स्टुडिओत फोटो काढायला आठ दिवस होते.

चौथ्या दिवशी आत्याच्या शेजाऱ्यांकडे फोन आला. गिरणीतून काशिनाथमामा बोलत होते.

"शोभे, लगोलग ये. तुझ्या बापाला कावीळ झालीया. डोळं सोडून समदा पिवळा."

'डोळं सोडून.' वनस्पतिशास्त्र सोडा, कुठलंही शास्त्र शिकलेल्या माणसाने तिथेच थांबून विचार करायला हवा होता. मी एस.टी. स्टँडवर धावले. घोटीपर्यंत सव्वा तास मी रडत होते, आणि शेजारी बसलेली मेथीच्या जुड्या घेतलेली बाई मला नव्याने सासरी निघालेली समजून समजावत होती की नवरा माहेरी पाठवून देईल, पहिल्यांदा सगळ्याच रडतात.

घरी ओट्यावर पंचवीसेक माणसं होती. मधोमध खाटेवर अण्णा. खरंच पिवळे होते. मान, कान, चेहरा, हात, पोटऱ्या, सगळे पाडाला आलेल्या आंब्यासारखे. डोक्यावर काविळीची माळ घातली होती, ती जसजशी लांबत जाईल तशी कावीळ उतरते म्हणतात. ती माळ लांबत नव्हती, आणि यावरून कावीळ फारच पक्की आहे असं गल्लीचं मत पडलं होतं. उशाला मुळ्याची पानं, पायथ्याला उसाच्या रसाचा तांब्या. तीन दिवस अण्णांना तेल नाही, तिखट नाही, मीठ बेताचं. गिरणीवाल्या शेठजींनी तर पहिल्याच दिवशी त्यांना फाटकातूनच परत पाठवलं होतं. म्हणाले होते, पगार घरी येईल, पण माझ्या माणसांना लागण नको.

मी खाटेशी बसले. अण्णांनी मला खाली वाकायची खूण केली आणि कानात म्हणाले, "मला काय बी झालेलं नाय. भूक लागलीया. कांद्याची भजी मिळतील का बघ."

"अण्णा, मग हे?"

"तुझं तेल."

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. मग पायांकडे. "पायाला कशाला लावलंत? पुरळ तर मानेला होतं."

"येवढं महिनाभर खपून तेल केलंस. नुसतं मानेला लावून बाकी अंगाला काय तोंड दाखवू?"

"मग लोकांना सांगितलं का नाही, तेलाने झालंय म्हणून? तीन दिवस मुळा खाताय!"

अण्णांनी इकडेतिकडे बघितलं. "तेलाचं नाव घेतलं आसतं तर लोकांनी तुझं नाव घेतलं आसतं. चार दिवसांवर फोटो आलाय तुझा. कावीळ काय, उतरती."

हा माणूस माझ्या बी.एस्सी.ची अब्रू राखायला तीन दिवस बिनतिखटाचं जेवत होता.

पण तेल इतकं पिवळं का, हे मला अजूनही कळलेलं नव्हतं. मी गरम पाणी मागवलं, कपडे धुवायचा साबण घेतला आणि अण्णांचा डावा हात घासायला सुरुवात केली. फेस आला आणि तो फेस बघता बघता लाल झाला.

पंचवीस माणसं एकदम मागे सरकली. "रगत!" असं कोणीतरी म्हणालं. एक म्हातारी मटकन खाली बसली. आणि माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला, कारण हा प्रयोग मी स्वतः प्रयोगशाळेत मांडत असे: हळदीच्या कागदाला साबणाचं पाणी लागलं की तो लाल होतो. अण्णांना कावीळ नव्हती. अण्णा हळदीचे झाले होते.

मी मागे वळून आईकडे बघितलं. आई चुलीकडे निघाली होती.

"आई, बरणीत काय टाकलंस?"

तिने पदराने तोंड पुसलं, चूल पुसली, फुंकणी पुसली. मग सांगितलं. मी नाशिकला गेले त्याच आठवड्यात शेजारच्या वहिनींची शेळी अंगणात शिरली आणि डालड्याचे चारही डबे पानाफुलांसकट फस्त करून गेली; रिकामे डबे आईने घरामागे लपवले. माझं शेवटचं वाक्य मात्र आईच्या कानात होतं: बरणी अर्धी भरली पाहिजे, नाहीतर काही उपयोग नाही. पोरीचं औषध फुकट जाईल, तिला नाशिकात वाईट वाटेल. आता फुलं कुठून आणायची?

आमच्याकडे खुंटीला निर्माल्याची एक पिशवी टांगलेली असे. देवाला वाहिलेलं फूल पायदळी येऊ नये म्हणून ते साठवायचं आणि कधी तिकडे जाणं झालं की दारणा नदीत सोडायचं. त्या वर्षी ती पिशवी फुगली होती, कारण दसऱ्याला गिरणीच्या मशीनला घातलेल्या झेंडूच्या माळाही अण्णांनी तुसात पडू नयेत म्हणून घरी आणल्या होत्या. दसऱ्यापासून वाळून खडखडीत झालेल्या. वर्षभर जी मशीन पोट भरते तिच्या पूजेत हात आखडता घेत नाहीत. ओंजळी-ओंजळीने हळद-कुंकू वाहतात. त्या हळदीसकट, कुंकवासकट, अक्षतांसकट आणि दोऱ्यासकट आईने त्या माळा कुस्करून बरणीत भरल्या होत्या.

"तूच म्हणालीस, नात्यातला हाय," ती म्हणाली. "आन देवाचं फूल. त्यानं वाईट कसं व्हईल?"

ओट्यावर सगळे माझ्याकडे बघत होते. अण्णा मान हलवून 'नको' म्हणत होते, मला दिसत होतं. पण मी उभी राहिले आणि सांगून टाकलं: कावीळ नाही, माझं तेल आहे, त्यात हळद गेली आहे, आणि ते मी स्वतःच्या हाताने गाळून, वास घेऊन, दोरा काढून, उत्तम आहे म्हणून अण्णांना दिलं आहे.

मग काशिनाथमामा म्हणाले, "म्हंजे रसाचा तांब्या आता आमी पिला तरी चालंल?"

तरीही खात्री हवी म्हणून मी अण्णांना दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांनी भजी खाल्ली. डॉक्टरांनी डोळे बघितले, जीभ बघितली, पोट दाबलं आणि म्हणाले, काही नाही, रंग आहे, आठ-दहा दिवसांत जाईल. पण असलं काहीही पुन्हा अंगभर फासू नका, एखाद्याला भलतंच व्हायचं. मग त्यांनी मानेचं कातडं ताणून नीट पाहिलं.

"पुरळ कुठे गेलं?"

आम्ही दोघांनी पाहिलं. पिवळ्या रंगाखाली मान गुळगुळीत होती. हातही. अण्णांनी तीन दिवस खाजवलंच नव्हतं, आणि मुळ्याच्या दुःखात हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"तेलानं गेलं!" अण्णा म्हणाले. त्यांनी खिशातला शास्त्रीय नावाचा कागद काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी तो वाचला. (ते पहिले.) मग विचारलं, "गिरणीत किती दिवस गेला नाहीत?"

"तीन दिस झालं. शेठनी घरीच बसवलंय. पिवळा हाय म्हणून."

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं? भातापासून लांब राहा. ऐकलंत शेवटी."

मी खाली बघत होते. एवढा अभ्यास, एवढं तेल, आणि गुण आला तो अण्णा गिरणीत जाऊ शकले नाहीत याचा! अण्णांवर मात्र डॉक्टरांच्या बोलण्याचा काडीचा परिणाम झाला नाही. ते बाहेर पडताना म्हणाले, "तेलानं पिवळा झालो म्हणून शेठनं घरी बसवला. घरी बसलो म्हणून पुरळ गेलं. म्हंजे तेलानंच गेलं ना?" यात मला आजपर्यंत चूक सापडलेली नाही.

आता चार दिवस उरले होते. उन्हाने हळदीचा रंग उडतो, हे मला ठाऊक होतं. (या वेळी खरंच ठाऊक होतं.) म्हणून मी अण्णांना रोज सकाळी ओट्यावर उन्हात बसवायला सांगितलं. अण्णा बसले. पण ओट्यावरून उजव्या हाताला रस्ता दिसतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला 'काय, उतरली का?' याचं उत्तर द्यायचं, त्यात ऊनही त्याच अंगाला. चौथ्या दिवशी अण्णा उजवीकडून बरेचसे माणसात आले होते आणि डावीकडून अजून संक्रांतीलाच होते.

त्याच अवस्थेत आम्ही नाशिकला स्टुडिओत गेलो. फोटोग्राफरकडे एकच झगा होता, तो मला पायघोळ झाला. पदवीचा खरा कागद चुरगळेल म्हणून त्याने जुन्या कॅलेंडरची सुरळी करून, लाल फीत बांधून माझ्या हातात दिली. मग त्याने कॅमेऱ्यातून बघितलं, डोकं बाहेर काढलं, दिवा बदलला, पुन्हा बघितलं.

"काका, तुम्हाला थोडी पावडर लावू का?"

"नको."

"मग असं करू. कृष्णधवल काढू. फार भारदस्त दिसतो. झगा पण काळाच आहे."

मी लगेच हो म्हणणार होते. सुटका होती ती. पण अण्णा उठून उभे राहिले.

"रंगीतच काढायचा," ते म्हणाले. "त्या शाळेतनं मला तिसरीत काढला तवर माझ्या अंगाला शेणाचा वास येतो म्हणून पोरं लांब बसायची. आता माझ्या अंगावर माझ्या पोरीच्या शिक्षणाचा रंग हाय. तो दिसला पायजे."

आईने त्यांची टोपी सारखी केली. अण्णा बसले, ताठ, हात गुडघ्यांवर, आणि त्यांनी मान अजिबात खाजवली नाही. फोटोग्राफरने त्यांना उजवा गाल पुढे करायला तीनदा सांगितलं. त्यांनी तिन्ही वेळा डावा केला.

सव्वीस जानेवारीला अनावरण झालं. हेडमास्तरांनी पडदा बाजूला केला, आणि सभागृहातल्या सगळ्या मुलांनी आधी फोटोकडे, मग पहिल्या रांगेत बसलेल्या अण्णांकडे, मग पुन्हा फोटोकडे बघितलं. अण्णांनी उठून नमस्कार केला. हात नुसते जोडले. भाषण करायला सांगितल्यावर ते म्हणाले, "फोटोत रंग बरोबर आलाय. मशीनची चूक नाय." आणि बसले.

पुढे मी त्याच नाशिकमध्ये एम.एस्सी. केलं आणि शिकवू लागले. आता दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली. अण्णांनी गिरणी सोडली. तरी दर डिसेंबरात त्यांचा निरोप येतो, तेल पाठव. मी पाठवते. खऱ्या कॅलेंडुलाचं, स्वतः वाळवलेल्या पाकळ्यांचं, नीट लेबल लावलेलं, आणि 'आधी मनगटावर थोडं लावून बघा' असं लिहिलेलं. अण्णा ते हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना लावतात. पण त्यांची तक्रार ठरलेली आहे: पहिल्या तेलाची सर नाही, रंगच धरत नाही.

गेल्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमाला गेले होते. फोटो तिथेच आहे. इतक्या वर्षांच्या उन्हाने माझा झगा करडा झालाय, आईचं लुगडं फिकट झालंय, कॅलेंडरची सुरळी तर दिसेनाशीच झाली आहे. पिवळे अण्णा तेवढे टिकून आहेत. खाली हेडमास्तरांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं आहे: 'आपल्या शाळेची पहिली पदवीधर विद्यार्थिनी. विषय: वनस्पतिशास्त्र.'

पुरावा शेजारीच बसलेला आहे.